पुठ्ठ्याचा मावळ, काड्यांची फौज



या सदरात मी एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याला लागणारी कागदपत्रे, पोस्टातील बचत असल्याच गोष्टी लिहितो. कारकुनाकडून दुसरी अपेक्षाही कोणी करीत नाही. परंतु आज खेळाबद्दल लिहिणार आहे. त्यातही लढाईच्या खेळाबद्दल. हे वाचून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतील, म्हणून आधी कारण सांगतो.

माझी धाकटी बहीण लोणावळ्यात एका बंगल्यावर साफसफाईचे काम करते. तिचा मुलगा आठवीत आहे. मागच्या नोव्हेंबरात तो लागोपाठ तीन दिवस शाळेत गेला नाही. विचारले तर बोलेना. चौथ्या दिवशी मी त्याच्याजवळ बसलो तेव्हा कळले. शाळेत ‘आपला परिसर’ असा प्रकल्प करून आणायचा होता. याने चिक्कीच्या दुकानातून रिकामे खोके मागून आणले आणि लोहगड केला. इतर मुलांनी दुकानातून तयार प्रतिकृती आणल्या होत्या, सहाशे-सातशे रुपयांच्या. त्या टेबलावर मांडल्या गेल्या. याचा लोहगड टेबलाखाली ठेवला आणि संध्याकाळी “हा कचरा घरी घेऊन जा” असे सांगण्यात आले. शाळेचे नाव मी लिहीत नाही. हे एकाच शाळेत घडते असेही नाही.

पोरगा मला म्हणाला, “मामा, मी आता हाताने काही करणार नाही. विकत आणता आलं तर आणू, नाहीतर नको.”

तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य मला झोप येऊ देईना. मी त्याचा तो लोहगड पाहिला. खरे सांगायचे तर त्यात चुका होत्या. पुठ्ठा पापडासारखा वाकला होता, रंग ओघळला होता. पण विंचूकाट्याची सोंड बरोबर जागी होती आणि ती त्याने कोणत्याही चित्रावरून उतरवली नव्हती. डोळ्यांनी पाहून केली होती. म्हणजे मुलाला मावळ दिसत होता, फक्त पुठ्ठ्याचे शास्त्र ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मी बी.कॉम. माणूस. मग दोघांनी मिळून शिकायचे ठरवले.

शोध घेता घेता कळले की परदेशात पिकल्या केसांची माणसे टेबलावर डोंगर, नद्या, गावे मांडून बोटाएवढ्या शिपायांची लढाई खेळतात. त्याचा उगम थेट प्रशियाच्या राजवाड्यात आहे. 1812 साली फॉन राइसवित्झ नावाच्या एका सरदाराने तिथल्या राजाला एक टेबल करून दाखवले. त्यावर प्लॅस्टरच्या चौकोनी फरशा होत्या, कुठल्या फरशीवर रस्ता, कुठल्या फरशीवर नदी, आणि त्या हव्या तशा जुळवायच्या. 1824 मध्ये त्याच्या मुलाने या खेळाचे नियम लष्करासाठी नीट बांधून दिले आणि तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. पुढे 1913 साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो खेळ घरातल्या जमिनीवर आणला. पुठ्ठा, लाकडी ठोकळे, झाडाच्या डहाळ्या एवढ्यावर त्याचे रणांगण उभे राहत असे. त्याच पुस्तकात त्याने असेही मांडले आहे की ही लहान लढाई दोन-चार वेळा खेळून पाहिली की मोठी लढाई किती गबाळी आणि मूर्ख गोष्ट असते ते कळते. पुढच्याच वर्षी, 1914 मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले.

आता या खेळाचा मोठा व्यापार झाला आहे. ‘वॉरहॅमर’ म्हणून एक खेळ 1983 पासून आहे, त्याचे तयार डोंगर आणि इमारती विकत घ्यायच्या तर आपला पगार पुरायचा नाही. पण त्याच खेळाच्या जुन्या मासिकात काखेत लावायच्या सुगंधी कांडीच्या रिकाम्या डबीपासून लढाऊ गाडी कशी करायची याची कृती छापली होती! हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हसला. साहेबसुद्धा कचऱ्यातून करतो म्हणजे आता चालेल, असे त्याला वाटले असावे. तसे वाटायला नको होते, पण त्या दिवशी मी ते सोडून दिले.

कोणती लढाई मांडायची? त्यासाठी लांब जावे लागले नाही. आपल्या वडगाव मावळची. नोव्हेंबर 1778 मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी निघाली. सुमारे 3900 लढाऊ माणसे, त्यात युरोपियन जेमतेम सहाशे. मागे नोकर-चाकर आणि बैलांचा अफाट लोंढा. डिसेंबरात ती बोरघाट चढून खंडाळ्यास आली. तिथून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना तिला अकरा दिवस लागले. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला, यालाच आपल्याकडे ‘इष्टुर फाकडा’ म्हणतात. 9 तारखेला फौज तळेगावला पोहोचली तर गाव जाळलेले, दाणा नाही, वैरण नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजा चहूकडे. 11 च्या रात्री इंग्रजांनी मोठ्या तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि माघार घेतली. वडगावात ते कोंडले गेले आणि तिथेच त्यांना तह करावा लागला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने पुढे तो तह मानला नाही आणि युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले, तो भाग वेगळा.

हे सर्व आपण रोज लोकलने जातो त्याच पट्ट्यात घडले. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव.

1 जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना देऊन आलो आणि त्याच रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत कामाला सुरुवात केली. मुले-मुली मिळून नऊ. पाया म्हणून एका पाडलेल्या बंगल्याचा जुना दरवाजा मिळाला, सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद.

आता हिशेब. लोणावळा ते तळेगाव लोहमार्गाने सुमारे तीस किलोमीटर. सहा फुटांत तीस, म्हणजे एका फुटाला पाच किलोमीटर. आडव्या मापाने हे 1 ला साधारण 16,400 पडते. मग लोहगड किती उंच येईल? लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून 1033 मीटर. मळवलीची सपाटी सव्वासहाशेच्या आसपास. उरले चारशे मीटर. टेबलावर अडीच सेंटिमीटर! मुले हिरमुसली. एवढा मोठा किल्ला, 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला, आणि आमच्या टेबलावर आगपेटीच्या निम्मा. तेव्हा सर्वानुमते असे ठरले की उभे माप वाढवायचे. दर साठ मीटरला एक सेंटिमीटरचा एक थर. लोहगड सात थर, विसापूर 1084 मीटर म्हणून आठ थर. उंची पावणेतीन पटीने फुगली, पण मळवली स्टेशनवर उभे राहून मान वर केल्यावर जसा दिसतो तसा दिसू लागला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समान उंचीच्या वीस-वीस मीटरच्या रेषा असतात. त्यातली दर तिसरी रेघ घ्यायची, ती कागदावर मोठी करून काढायची, कापायची आणि तेवढाच थर. ज्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातल्या या रेषा कधी कळल्या नव्हत्या त्यांना त्या एका दुपारी कळल्या.

इथे मला एक गोष्ट फार आवडली म्हणून सविस्तर सांगतो. परदेशी खेळाडू थरावर थर ठेवून डोंगर करतात आणि मग पायऱ्या दिसू नयेत म्हणून लिंपत बसतात. आपल्याला ती गरज नाही. आपला सह्याद्री मुळातच थरांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला, त्याचाच हा काळा पाषाण. कडा, मग सपाट पट्टी, परत कडा. या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. म्हणजे पायऱ्या पुसल्या तर मावळच पुसला जाईल. फक्त प्रत्येक थराची कड कानशीने जरा खरवडायची आणि खालच्या पट्टीवर थोडा भुसा टाकायचा, दरड घसरून पडलेल्या मातीसारखा. झाला सह्याद्री.

थर कशाचे करायचे? शनिवार-रविवार संपला की लोणावळ्यातील बंगल्यांबाहेर टीव्हीच्या, फ्रिजच्या खोक्यांतले थर्माकोल पडलेले असते. ते आणले. विकत मुळीच आणू नका, 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पडलेले मात्र जरूर वापरा, नाहीतर ते ओढ्यातच जाणार. कापायला लोखंड कापायच्या करवतीचे पाते, एका टोकाला फडके गुंडाळून. काहीजण मेणबत्तीवर सुरी तापवून कापतात, तो धूर मुलांच्या छातीत जाऊ देऊ नका. बारीक मणी उडू लागले तर पाण्याचा हात लावावा. दोन थर जोडायला फेविकॉल, आणि वरून खाली उदबत्तीच्या काड्या टोचून द्यायच्या. विंचूकाट्याची सोंड दीड किलोमीटरची, आमच्याकडे नऊ सेंटिमीटर, आणि रुंदीला माप लावले तर दोन मिलिमीटर. ती तीनदा मोडली. शेवटी रुंदी बोटभर केली आणि आत तीन काड्या घातल्या तेव्हा टिकली.

थर्माकोल नसेल तर पुठ्ठा उत्तम. भाच्याचा पहिला लोहगड वाकला तो का, तेही कळले. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओली खळ लावली की ती बाजू वाळताना आक्रसते आणि पुठ्ठा त्या अंगाला ओढला जातो. उपाय सोपा आहे. दोन्ही बाजूंना कागद डकवायचा, पन्हाळीच्या रेषा एका थरात उभ्या तर दुसऱ्यात आडव्या ठेवायच्या आणि रात्रभर विटा ठेवून दाबायचे. तीन रुपयांच्या मैद्याची अक्कल नव्हती म्हणून पोराचा किल्ला टेबलाखाली गेला!

खळ अशी करा. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचे, पारदर्शक झाला की उतरवायचा. बुकबाइंडर मंडळी त्यात चिमूटभर मोरचूद घालतात म्हणजे उंदीर, झुरळे आणि बुरशी लागत नाही. मोरचूद विषारी आहे. तो मोठ्या माणसानेच घालावा, भांडे वेगळे ठेवावे, हात धुवावेत. मी पहिल्या खेपेस मुलांच्या भीतीने घातला नाही, तर आठ दिवसांत उंदरांनी कामशेतपासून कान्ह्यापर्यंतचा प्रदेश खाल्ला. महादजीला जे जमले नाही ते.

वर्तमानपत्राचा लगदाही चांगला. कागद रात्रभर भिजवून पिळायचा, खळीत मळायचा आणि थरांच्या फटीत भरायचा. यासाठी बंगल्यावरची इंग्रजी दैनिके वापरा. आपल्या साप्ताहिकाचे अंक कृपया वापरू नका, त्यात बाबासाहेबांची छायाचित्रे असतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस फक्त कड्यांसाठी घेतले. ते कालवताना पाण्यात भुकटी टाकावी, भुकटीत पाणी नव्हे. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे. उरलेले मोरीत ओतू नये. आमच्या विहाराची मोरी साफ करायला मलाच बसावे लागले.

रंगाच्या बाबतीत एक अपघात झाला. एका मुलाने घरात ग्रीलला मारून उरलेला तेलरंग आणि थिनर आणला आणि विसापूरला फासला. बघता बघता थर्माकोल विरघळून माथ्यावर वाटीएवढा खड्डा पडला. 1818 साली इंग्रजांनी विसापूर घेऊन त्याची तटबंदी पाडली, आमच्याकडे ते काम थिनरने केले. थर्माकोलवर पाण्याचाच रंग चालतो, किंवा आधी कागदाचे दोन थर चढवावेत. आम्ही चुना, गेरू आणि नीळ यांवर भागवले. काळ्यासाठी चुलीची काजळी. पाषाणाला आधी काळपट रंग द्यायचा, तो वाळला की ब्रशला अगदी थोडा राखाडी रंग घेऊन, तो कागदावर जवळजवळ पुसून, कोरडाच ब्रश कड्यांवरून फिरवायचा. उंचवटे उजळतात, भेगा काळ्या राहतात आणि थर्माकोलचा एकदम दगड होतो. हे पाहताना मुलांच्या तोंडून जो आवाज निघाला तो लिहून दाखवता येत नाही.

मुलांना सगळे हिरवेगार हवे होते. मी म्हणालो, लढाई जानेवारीतली आहे, बाहेर जाऊन बघा. नऊही जण गच्चीवर जाऊन आले. डोंगर पिवळे-तांबूस, भाताची खाचरे कापलेली, हिरवे फक्त ओढ्याकाठी. मग वखारीतला भुसा तसाच वापरला, थोड्यालाच रांगोळीचा हिरवा आणि पिवळा रंग लावला. खाचरांना गोणपाटाचे तुकडे, बांधाला सुतळी. पायवाटेला चहाच्या टपरीवरचा वाळवलेला चोथा. झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. ती बोटांनी विसकटून हिरव्या पाण्यात बुडवायची आणि तुळशीच्या वाळक्या काडीवर बसवायची, आंब्याचे झाड हुबेहूब. इंद्रायणीला निळसर-मातकट रंग आणि वर फेविकॉलचे तीन हात. वाळल्यावर ते पाण्यासारखे चमकते.

काय ठेवायचे यापेक्षा काय काढायचे यावर जास्त वाद झाला. द्रुतगती मार्ग नाही, तो 2002 चा. रेल्वे नाही, घाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. वळवणचा तलाव नाही, टाटांची धरणे विसाव्या शतकातली. एका मुलीचे घर वळवणला आहे. ती म्हणाली, “मग तेव्हा आमच्या इथं काय होतं?” मी म्हटले, शेती असणार. तिने तिथे गोणपाटाची तीन खाचरे लावली.

लेण्यांचा प्रश्न मात्र मापाने सुटला नाही. कार्ल्याचे चैत्य 124 फूट लांब, भारतातील सर्वात मोठे कोरीव चैत्यगृह. आमच्या टेबलावर त्याची लांबी सव्वादोन मिलिमीटर भरते. मुंगीएवढी. नऊपैकी एकाही मुलाला हे मान्य झाले नाही आणि, हिशेबाचा माणूस असूनही, मलाही झाले नाही. एका मुलीने आईची फुटलेली बांगडी आणली, तिचा अर्धगोल तुकडा कड्यात बसवून चैत्याची कमान केली, आत काजळी भरली. मापाने ती पाचशे फुटांहून उंच होते. राहू दिली. फुटक्या बांगडीच्या टोकांना मात्र कानस मारा, बोट कापते.

फौज काडेपेटीच्या जळक्या काड्यांची. पुठ्ठ्याच्या चकतीवर चार काड्यांचे तुकडे उभे चिकटवायचे, एक चकती म्हणजे शंभर माणसे. कंपनीच्या एकोणचाळीस चकत्या, गेरूचे लाल डगले. सहा चकत्यांच्या काड्यांची डोकी चुन्याने पांढरी केली, तेहतीस चकत्यांची तपकिरी ठेवली. भाचा मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, “मामा, तेहतीस आपली आणि सहा त्यांची. मग ही इंग्रजांची फौज कशी?”

मी त्याला सांगितले की मुंबईच्या फौजेत आपले महार शिपाई पुष्कळ होते, 1818 च्या कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे तू परवाच वाचलीस. तो म्हणाला, म्हणजे आपण इंग्रजांकडून. मी म्हणालो, तसेही नाही. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत पटवर्धनांबरोबर शिदनाक महार होता, पेशव्यांच्याच बाजूला. मग तो बराच वेळ गप्प बसला. दोन्हीकडे आपण असू शकतो हे पचायला वेळ लागतो, मला चाळिशी लागली. पुढच्या रविवारी पाहिले तर मुलांनी चकत्या उलट्या करून खाली पेन्सिलीने आपापल्या आज्या-पणज्यांची, पणजोबांची नावे लिहिली होती. लाल चकत्यांवरही आणि समोरच्या फौजेच्या चकत्यांवरही.

खेळाचे नियम साधे ठेवले. फासे म्हणून चार चिंचोके फोडून, पांढरी बाजू वर आली की एक गुण. ज्याची पाळी त्याने तेवढे बोट पुढे जायचे. एकच खास नियम केला: कंपनीच्या फौजेने बैल मागे टाकून पुढे जायचे नाही, आणि बैल एका पाळीत दोनच बोटे चालतात. बैलांसाठी चिंचोकेच ठेवले. पहिल्या डावात कंपनीची बाजू एका सातवीतल्या मुलीकडे आली. ती खंडाळ्याला पोहोचली आणि तिथेच बसली. “बैल आल्याशिवाय मी हलणार नाही, आणि आल्यावरही हलणार नाही. घाट माझ्या पाठीशी आहे, मला पुण्यात काय करायचंय?” मुलगे संतापले, असे चालत नाही म्हणाले. नियमात तर बसत होते. कर्नल एगर्टनला हे सुचले असते तर वडगाव झालेच नसते, असे मला वाटून गेले. दुसऱ्या डावात फौज तळेगावपर्यंत गेली, तळ्यात (शीतपेयाच्या बाटलीचे झाकण) तोफा गेल्या आणि परतीच्या वाटेवर एकामागून एक चकत्या उचलल्या जाऊ लागल्या. उचललेली प्रत्येक चकती मुले उलटी करून नाव वाचत होती. त्या डावात आरडाओरडा झाला नाही.

जमाखर्च असा. मैदा 20, फेविकॉल 95, प्लॅस्टर 60, चुना 15, गेरू 20, नीळ 10, रांगोळीचे रंग 30, दोन ब्रश 50, मोरचूद 10. एकूण 310 रुपये, माणशी साडेचौतीसच्या आत. बाकी सर्व फुकट.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पालकांना बोलावले. भाचा काठी घेऊन उभा राहिला आणि पाऊण तास बोलला. माझी बहीण काम आटोपून उशिरा आली, मागे दाराशी उभी होती. सगळे पांगल्यावर ती टेबलाजवळ आली, थोडा वेळ वाकून पाहिले आणि म्हणाली, “भाजे लेणी चुकली रे. तुम्ही लोहगडाला लावलीत. ती विसापूरच्या अंगाला आहेत. आणि भाज्याहून वर जाणारी वाट अशी नाही जात, ती गायमुखाच्या खिंडीत निघते.”

तुला कसे ठाऊक, असे भाच्याने विचारले. ती म्हणाली, “लग्नाच्या आधी आईबरोबर फाट्याची मोळी याच वाटेनं उतरवायची. करवंदंही. खिंडीत दम खायला बसायचो.”

मलाही हे आठवत नव्हते. मी तेव्हा वसतिगृहात होतो.

भाच्याने नकाशा उघडला. आईचे बरोबर होते. त्याने ओल्या फडक्याने चहाच्या चोथ्याची वाट भिजवून उचलली, लेण्याची बांगडी सुरीने उकरली. बहिणीने पदर खोचला, फेविकॉलमध्ये बोट बुडवले आणि विसापूरच्या कुशीतून खिंडीपर्यंत स्वतःच्या बोटाने वाट ओढली. मग चिमटीने चोथा टाकत गेली. एका जागी थांबून तिने बारीक खडा ठेवला. इथे बसायचो, म्हणाली.

टेबल सध्या विहाराच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवले आहे. लोणावळ्याच्या पावसात ते कितपत टिकेल याची मला शंका आहे, म्हणून पावसाळ्यात आत चुन्याची पुरचुंडी ठेवणार आहोत. पुढच्या सुट्टीत बोरघाट जोडायचा आहे. कोणाकडे जुना दरवाजा किंवा प्लायवूडचा तुकडा पडून असेल तर विहारात आणून द्यावा. आणि ज्यांच्या दारी घोसाळ्याचा वेल असेल त्यांनी दोन-चार घोसाळी वेलावरच वाळू द्यावीत.